उडी तरंगत होती, तरी आधी ग्रॅव्हिटीला हात लावला नाही

युनिटी या गेम इंजिनमध्ये ग्रॅव्हिटी मुळातच उणे ९.८१ असते, म्हणजे पृथ्वीवरचीच. कॅरेक्टर हलवणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्येही मी तोच आकडा घेतला होता. तरीही आमच्या गेममधलं कॅरेक्टर उडी मारली की फुग्यासारखं वर जायचं, तिथे जरा रेंगाळायचं आणि मग निवांत खाली यायचं. अशा वेळी पहिला मोह होतो तो ग्रॅव्हिटी वाढवायचा. उणे २० करून बघू, नाहीच जमलं तर उणे ३०. मी तो मोह टाळला आणि आधी कॅरेक्टरची उंची मोजली.

मोजायला काही लागत नाही. सीनमध्ये साधा क्यूब टाकायचा. त्याची बाजू १ युनिट आणि युनिटीच्या फिजिक्सच्या हिशोबात १ युनिट म्हणजे १ मीटर. कॅरेक्टर त्याच्या शेजारी उभं केलं तर ते ५.४ मीटर भरलं! लेव्हलमधल्या भिंती आणि दारं आधीच मोठ्या मापात बनलेली होती, त्यांना शोभावं म्हणून कॅरेक्टरही तिप्पट करून टाकलेलं होतं.

तरंगण्याचं कारण इथेच होतं. १.८ मीटरवरून वस्तू खाली पडायला साधारण ०.६१ सेकंद लागतात, ५.४ मीटरवरून १.०५ सेकंद. माप तिप्पट झालं की वेळ तीनाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १.७३ पट वाढतो. डोळ्यांना समोर माणूस दिसतो, पण तो पडतो मात्र राक्षसासारखा. चित्रपटवाले छोटी मॉडेल्स जास्त फ्रेम रेटने शूट करून मोठी भासवायचे, त्यामागचं गणित हेच. आमच्याकडे ते नको असताना घडत होतं.

इंजिन बदललं की हे माप बदलतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. अनरियल या इंजिनमध्ये १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर, म्हणून तिथली ग्रॅव्हिटी उणे ९८०. गोदो या इंजिनच्या टूडीमध्येही ९८० च दिसतो, पण तो पिक्सेलमध्ये.

मग कॅरेक्टर आणि लेव्हल दोन्ही एक तृतीयांश केले. कॅरेक्टरचं माप इम्पोर्ट सेटिंगमधल्या स्केल फॅक्टरमधून बदललं, ट्रान्सफॉर्मचं (वस्तूची जागा, दिशा आणि माप ठेवणाऱ्या भागाचं) स्केल १ च ठेवलं. ट्रान्सफॉर्मवर वाटेल ते स्केल ठोकलं की त्याखालच्या प्रत्येक कोलायडरचा (टक्कर ओळखणाऱ्या अदृश्य आकाराचा) हिशोब मनात भागत बसावा लागतो, आणि मला त्याचा कंटाळा आहे. चालण्याचा वेग १२ वरून ४ वर आला. कॅमेऱ्याचं अंतर, लाइटची रेंज, नॅव्हमेश (कुठे चालता येतं त्याचा नकाशा) हे सगळं पुन्हा बघावं लागलं. कंटाळवाणं काम, पण एकदाच करायचं.

यानंतर पडणं खरं दिसू लागलं, उडी मात्र अजून मवाळच. तेही साहजिक आहे. खरा माणूस उभ्याने अर्धा मीटर उडाला तरी खूप. आम्हाला २ मीटर हवी होती. ९.८१ च्या ग्रॅव्हिटीत २ मीटरची उडी मारून परत जमिनीवर यायला जवळजवळ १.२८ सेकंद जातात. बटण दाबून एवढा वेळ कोण वाट बघणार?

आकडे चाचपडत बसण्यापेक्षा इथे उलटं गेलेलं बरं. उडी किती उंच आणि टोकाला पोचायला किती वेळ, एवढंच ठरवायचं. मी २ मीटर आणि ०.४ सेकंद धरले. ग्रॅव्हिटी म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणून २५. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ, म्हणून १०. ही २५ फक्त कॅरेक्टरच्या स्क्रिप्टमध्ये लिहिली. प्रोजेक्टची ग्रॅव्हिटी बदलली असती तर खोकी आणि पिंपंही धाडकन आदळायला लागली असती. शिवाय युनिटीचा कॅरेक्टर कंट्रोलर (कॅरेक्टर हलवणारा तयार घटक) ती आपणहून वापरतही नाही. अनरियलमध्ये याच कामासाठी प्रत्येक कॅरेक्टरला वेगळा ग्रॅव्हिटी स्केल असतो. खाली येताना ग्रॅव्हिटी १.६ पट केली. दुप्पट करून पाहिली होती, पण उतरणं फारच आदळल्यासारखं वाटलं.

आणि मग १.९ मीटरचा एक कठडा आडवा आला. माझ्या मशीनवर सेकंदाला १४४ फ्रेम्सना कॅरेक्टर त्यावर आरामात चढायचं, ३० फ्रेम्सवाल्या जुन्या लॅपटॉपवर दर वेळी थोडक्यात हुकायचं. कोड नेहमीचाच होता: दर फ्रेमला आधी वेगातून ग्रॅव्हिटी वजा करायची, मग त्या वेगाने पुढे सरकायचं. पण असं केलं की संपूर्ण फ्रेमभर फ्रेमच्या शेवटचा, म्हणजे कमी झालेला वेग वापरला जातो आणि उडी तेवढी खुजी होते. कागदावर मांडलं तर १४४ फ्रेम्सना उडी १.९६५ मीटर भरते आणि ३० फ्रेम्सना १.८३. कठडा नेमका या दोहोंच्या मधे. हवेत असताना स्टेप ऑफसेट (किती उंचीची पायरी कॅरेक्टर आपोआप चढेल ते माप) मी शून्य करतो, नाहीतर कडेला घासताना कॅरेक्टर थरथरतं. त्यामुळे तिकडूनही सूट मिळत नव्हती.

इलाज एका ओळीचा निघाला. सरकताना जुना वेग आणि नवा वेग यांची सरासरी घ्यायची. ग्रॅव्हिटी स्थिर असेल तर ही सरासरी अंदाजे नसते, तंतोतंत असते. दोन्ही मशीनवर उडी २ मीटरला येऊन टेकली.

उतारावरून धावताना कॅरेक्टर पायऱ्या उतरल्यासारखं टपटपायचं. जमिनीवर असताना उभा वेग शून्य न ठेवता उणे २ ठेवला, तेव्हा पाय टेकलेले राहिले. तीव्र उतारावर अजून जास्त लागतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारू द्यायची आणि जमिनीला टेकण्याच्या ०.१ सेकंद आधी दाबलेलं बटणही लक्षात ठेवायचं, या दोन सवलती दिल्या. खेळून बघणाऱ्यांपैकी कुणालाच त्या जाणवल्या नाहीत, पण ‘बटण दाबलं तरी उडत नाही’ ही तक्रार थांबली.

हवेत दिशा किती बदलू द्यायची, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. अनरियलच्या एअर कंट्रोलचा मूळ आकडा ०.०५ आहे, म्हणजे जवळजवळ नाहीच. मी आमच्या स्क्रिप्टमध्ये जमिनीवरच्या प्रवेगाच्या ४० टक्के ठेवलाय, आणि लेव्हल बनवणाऱ्याला तो कमी हवाय, कारण एवढ्या मोकळीकीत त्याच्या अर्ध्या खाचा लोक सहज टाळून जातात.