एग्लिंटनवरचे पेटीवाले

टोरांटोत एग्लिंटन वेस्टला बसमधून उतरलं की आधी येतो जर्क चिकनचा वास. हा भाग 'लिटल जमैका'. सलूनं, रेकॉर्डची जुनी दुकानं आणि 'रेगे लेन' नावाचा एक बोळ, त्यात भिंतभर वादकांची चित्रं.

माझ्यासाठी रेगे, म्हणजे जमैकाचं हे संगीत, बॉब मार्लीपुरतंच होतं. मग एकदा सलूनमध्ये नुसत्या ऑर्गनचा एक तुकडा लागला. केस कापणारे काका म्हणाले, "हे वाजवणारा माणूस याच शहरात राहायचा." जॅकी मिटू.

जन्म 1948, जमैकातल्या सेंट ॲन परगण्यातला. पियानो शिकवला आजीनं. 1964 मध्ये 'स्कॅटलाइट्स' ही वादकमंडळी उभी राहिली, तेव्हा तिचा हा कीबोर्डवाला 16 वर्षांचा होता! पुढे राजधानी किंग्स्टनच्या 'स्टुडिओ वन' या रेकॉर्डिंग स्टुडिओत संगीताची सूत्रं त्यांच्याकडे आली. स्का या जमैकन नाचाच्या संगीताची जलद लय मंदावून रॉकस्टेडी हा प्रकार झाला, त्यातून रेगे निघाला. त्या सगळ्या वर्षांत ऑर्गनवर त्यांची बोटं होती.

रेगेतला 'रिडिम' आपल्याला चटकन कळतो. एका चालीवर आपण कितीतरी अभंग म्हणतो ना, तसंच. बास आणि ड्रमचा साचा एकदा जमला की त्यावर नवा गायक नवे शब्द बसवतो. 1967 च्या सुमारास मिटू आणि 'स्टुडिओ वन'च्या वादकांनी घडवलेल्या 'रियल रॉक' या रिडिमवर आजवर शेकडो गाणी झाली. 1982 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'पास द डची' हे गाणं 'फुल अप' या रिडिमवरचं. तोही त्याच वादकांचा साचा. गाणाऱ्यांची नावं लोकांना ठाऊक आहेत, चाल घडवणाऱ्यांची नाहीत. मला हे फार लागतं.

साठच्या दशकाच्या शेवटी, ऐन भरात असताना, मिटू इथे टोरांटोत आले. लाउंजमध्ये वाजवलं, 1971 मध्ये 'विशबोन' हा अल्बम काढला, अधूनमधून किंग्स्टनलाही वाजवून आले. डिसेंबर 1990 मध्ये कर्करोगानं गेले. वय अवघं 42.

परवा बाबांना व्हिडिओ कॉलवर 'रियल रॉक' ऐकवलं. बाबा चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवतात. मांडीवर ठेका धरून बघितला, मध्येच थांबले. "अरे, हा ठोक्यावर येतच नाही. दोन ठोक्यांच्या मधली जागा धरून बसलाय." मग पेटी पुढे ओढली, भाता उघडला.

"पुन्हा लाव," म्हणाले.