दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद

माजी विद्यार्थी म्हटलं की आठवणी लिहायच्या, अशी रीत आहे. त्या इतरांनी भरपूर लिहिल्या असतील. मी शाळेला दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाच्या अभिवादन कार्यक्रमात, कामी येईल ते लिहितो.

आधी शब्द. सोलापुरात ‘हुतात्मा’ म्हटलं की १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा आठवतात. पत्रिकेवर नुसतं ‘हुतात्मा अभिवादन’ छापलं तर निम्मी मंडळी चार पुतळ्यांपाशी जाऊन उभी राहायची! सैनिकांसाठी ‘वीरगती’ लिहावं. ‘शहीद’ हा सैन्याचा अधिकृत शब्द नव्हे.

नावांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्यावी: हुद्दा, रेजिमेंट, गाव. मग घरच्यांना फोन करून उच्चार विचारावा. आपल्याकडे तेलुगू आणि कानडी आडनावं पुष्कळ. निवेदक ती मराठी वळणाने ओढतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईला पोराचं नाव ओळखू येत नाही. यापेक्षा मोठी चूक या कार्यक्रमात दुसरी नाही.

पुष्पचक्र आदल्या संध्याकाळी बांधून ओल्या फडक्याखाली ठेवावं. नुसता झेंडू लावला तर ते जड होऊन पुढे कलंडतं, म्हणून शेवंती आणि पानं जास्त घ्यावीत, तिकाटण्याचा मागचा पाय लांब असावा. जुलैतल्या वाऱ्यात तो पाय विटेने दाबावाच. दोन छात्र चक्र घेऊन पुढे चालतात, पाहुणे हात लावून ते ठेवतात, एक पाऊल मागे येतात. सलाम फक्त गणवेशात, डोक्यावर टोपी असणाऱ्याने करायचा, बाकीच्यांनी नमस्कार.

त्यानंतर ‘सलामी शस्त्र’, म्हणजे रायफल समोर उभी धरून मानवंदना, मग ‘शोक शस्त्र’: रायफलची नळी खाली बुटाच्या टोकावर, हात दस्त्यावर, मान झुकलेली. बिगुलावर लास्ट पोस्ट, मग मौन, मग राऊझ, पुन्हा ‘सलामी शस्त्र’. लास्ट पोस्ट म्हणजे दिवसाचं काम संपल्याची खूण, राऊझ म्हणजे उठा. बिगुलाला कळा नसतात, सूर सगळा ओठांवर. कोरड्या ओठांनी वरचा सूर फुटतो. वादकाने अर्धा तास आधी लांब जाऊन फुंकून घ्यावं, मुखनळी खिशात ऊबदार ठेवावी. त्याला माईक देऊ नये, वीस-पंचवीस पावलं मागे उभं करावं.

मौनाची वेळ घड्याळ लावून मोजावी. निवेदकाला शांतता लांब वाटते, चाळीस सेकंदांतच ‘धन्यवाद’ म्हणून तो मोकळा होतो. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटांचं मौन असतं. भोंगा असेल तिथे तो १०.५९ ला सुरू होऊन ११ ला थांबतो, आणि ११.०२ ला पुन्हा वाजेपर्यंत कुणी हलत नाही. शाळेत भोंगा नसला तरी घंटा आहेच. ‘अमर रहे’च्या घोषणा राऊझनंतर.

तिरंगा टेबलावर अंथरू नये, पुतळा किंवा चौथरा त्याने झाकू नये. २६ जुलै विजयाचा दिवस, त्या दिवशी ध्वज अर्ध्यावर आणायचा नाही. तो सरकारी आदेशानेच आणतात, आणि तेव्हाही आधी टोकापर्यंत चढवून मग खाली.

राहिला सत्कार. वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी यांना पायऱ्या चढायला लावू नका, पाहुण्यांनी खाली उतरावं. सोलापुरी चादर आणि श्रीफळ पुरे. हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेली मुलगी वीरपत्नीसमोर अडखळते, ताट थरथरतं, आणि सगळं सभागृह ते पाहतं. म्हणून आदल्या दिवशीच त्यांना विचारावं, ‘ताई, कुंकू लावलं तर चालेल ना?’ बहुतेक वेळा चालतं. नको म्हणाल्या तर त्या दिवशी ताटच कुणासमोर न्यायचं नाही, पाहुण्या बाईंसमोरही नाही.