चार रेघा

सातारा, सकाळचे पावणेसात

आज थंडी चांगलीच होती. नातू पुण्याहून सुट्टीला आलाय, त्याला घेऊन गच्चीवर चहाला बसलो. अजिंक्यताऱ्यावर अजून ऊन आलं नव्हतं, पण खूप उंचावर ऊन आधी पोचतं ना, तसं एक विमान गुलाबी रेघ ओढत दक्षिणेकडं चाललं होतं. पोरानं लगेच फोन वर धरला आणि अ‍ॅपवर बघून सांगितलं, आबा हे दुबईवरून आलंय, अमुक ठिकाणी चाललंय, उंची इतकी, स्पीड इतका. मी म्हटलं रेघा मोज. म्हणाला दोन. म्हटलं आमच्या वेळी चार असायच्या. त्याला वाटलं आबा काहीतरी जुनं सांगतायत, म्हणून तो परत फोनमध्ये गेला, आणि मी मात्र तिथंच अडकलो ते आता लिहायला बसलोय.

चार रेघा म्हणजे चार इंजिनं. प्रत्येक इंजिनामागं एक पांढरी रेघ निघायची, थोडं अंतर गेलं की दोन-दोन रेघा एकमेकीत मिसळायच्या आणि मग लांबवर दोनच उरायच्या. विमानाचा ठिपका दिसायच्या आधी आम्ही पोरं रेघांवरून ओळखायचो, चार दिसल्या की जंबो, म्हणजे बोइंग ७४७, असं आमचं ठरलेलं. बोइंग ७०७ ला पण चारच इंजिनं असतात हे नंतर कळलं, पण तेव्हा आमच्या आळीत चार म्हणजे जंबोच, त्यावरून वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

जंबो आणि आवाजापेक्षा जोरात जाणारं कॉनकॉर्ड, दोन्ही एकाच वर्षी, १९६९ ला पहिल्यांदा उडाली. जंबो ९ फेब्रुवारीला अमेरिकेत आणि कॉनकॉर्ड २ मार्चला फ्रान्समध्ये तुलूझला, म्हणजे मध्ये फक्त एकवीस दिवस. मी शाळेत होतो, गुरुजींनी वर्गात पेपर वाचून दाखवला होता आणि फळ्यावर दोन्ही विमानं काढली होती, एक देवमाशासारखं आणि एक बगळ्यासारखं. बगळा जिंकणार असंच गुरुजींना वाटत होतं आणि आम्हालाही, कारण जो जोरात पळतो तोच जिंकतो हे आम्हाला कबड्डीपासून माहीत होतं.

पुढं मशीन शॉपला नोकरीला लागल्यावर वाचलं की खुद्द जंबो बनवणाऱ्यांनाही तेच वाटत होतं. जंबोच्या डोक्यावर जो उंचवटा आहे ना, तो का आहे? तर जंबोचे मुख्य इंजिनिअर जो सटर आणि त्यांच्या माणसांचा हिशेब असा होता की थोड्याच वर्षांत सगळे पॅसेंजर आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या विमानातनं जाणार, मग आपलं हे धूड मालवाहतुकीला लावावं लागेल, म्हणून नाक वर उचलून पुढून माल भरता आला पाहिजे आणि त्यासाठी पायलटला नाकातनं काढून वरच्या मजल्यावर बसवलं पाहिजे. म्हणजे जंबोचं रूप, जे लांबून बघितलं तरी ओळखू येतं, ते मुळात कॉनकॉर्डसारख्या विमानांपुढं आपण हरणार हे धरून काढलेलं आहे. मी आयुष्यभर लेथवर आणि ड्रॉइंगवर काम केलं, पण एवढं सुंदर ड्रॉइंग इतक्या उलट्या कारणानं झालेलं दुसरं बघितलं नाही.

पहिल्यांदा बसलो ते १९८२ ला. कंपनीनं मशीनच्या ट्रेनिंगला तीन महिने इंग्लंडला पाठवलं होतं. एअर इंडियाचं जंबो, प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची महिरप, वाड्याच्या झरोक्यासारखी, आणि आत भिंतींवर चित्रं. मी सातारच्या वाड्यात वाढलेला माणूस, मला त्या महिरपी बघूनच बरं वाटलं, परक्या वस्तूत चाललोय असं वाटलं नाही. आत शिरल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की याला दोन बोळ आहेत. एसटीला एक बोळ, रेल्वेच्या डब्याला एक, आणि याला दोन, एका बाजूनं जा आणि दुसऱ्या बाजूनं ये. मागच्या रांगांत लोक सिगरेटी ओढत होते, तेव्हा चालायचं ते. जेवायला खरे स्टीलचे काटे-चमचे. रात्री सगळे झोपल्यावर एका एअर होस्टेस बाईंना धीर करून विचारलं की वर जाता येईल का नुसतं बघायला. त्या हसल्या आणि घेऊन गेल्या. गोल जिना होता, आपल्या विहिरीला किंवा देवळाच्या शिखरात असतो तसा वळत जाणारा, मी कठड्याला हात लावत लावत चढलो आणि वर तोंड काढलं तर मंद दिवे, खुर्च्यांवर दोघं-तिघं झोपलेले आणि पुढं पायलटचा बंद दरवाजा. दोन मिनिटंच उभा राहिलो असेन. जमिनीपासून दहा किलोमीटर वर जिना चढून आपण आणखी वर आलो, हे मनाला पटत नव्हतं आणि त्याचा आनंद इतका झाला होता की खाली येऊन झोपच लागली नाही.

त्याच ट्रिपमध्ये कॉनकॉर्ड ऐकलं. आधी ऐकलं, मग बघितलं. शनिवार-रविवारी लंडनला हन्स्लोमध्ये ओळखीच्या एका काकांकडं जायचो, त्यांचं घर हीथ्रोच्या जवळ. पहिल्याच सकाळी साडेदहाच्या सुमाराला काकू चहा ओतत होत्या आणि अचानक मांडणीवरच्या कपबशा थरथरायला लागल्या, खिडकीची काच वाजायला लागली आणि मी कप खाली ठेवून थेट दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. आम्हा सातारकरांना हे सांगावं लागत नाही. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, त्यानंतर कित्येक वर्षं भांडी वाजली की आधी चौकट गाठायची हे पायांनाच ठाऊक झालेलं. काकू म्हणाल्या, अरे भूकंप नाही, न्यूयॉर्कचं कॉनकॉर्ड चाललंय, ये मागच्या अंगणात. पळालो. तेवढ्यात ते वर आलेलं, पांढरं, बारीक, पंख पूर्ण मागं ओढलेले आणि पोटाखाली चार इंजिनांतनं नारिंगी ज्वाळा. टेकऑफला ते जादा इंधन जाळायचं त्याच्या त्या ज्वाळा. लोहाराच्या भट्टीत भात्यानं एकदम जोर केला की मधोमध जो रंग येतो तोच रंग. आवाज कानात नाही, छातीत बसत होता. पुढचे सगळे शनिवार मी साडेदहाच्या आधीच अंगणात जाऊन उभा राहायचो.

ते विमान साडेतीन तासांत न्यूयॉर्कला पोचायचं आणि तिथलं घड्याळ पाच तास मागं, म्हणजे निघालेल्या वेळेच्या आधीच उतरायचं. हे मी आईला पत्रात लिहिलं होतं तर तिनं उत्तरात विचारलं होतं की मग त्या माणसांनी सकाळचा चहा दोनदा घ्यायचा का रे.

आईला विमानात बसवायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं, पण १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं कनिष्क नावाचं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बनं फुटलं, ३२९ माणसं गेली, आणि तेही जंबोच. त्याआधी १९७८ च्या एक जानेवारीला सम्राट अशोक बांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं होतं, एअर इंडियाचं अगदी पहिलं जंबो, २१३ माणसं. आईनं ही दोन नावं मनात धरली होती. राजांची नावं देतात आणि पाण्यात घालतात, असं म्हणायची. पाच वर्षं तिनं विषय काढू दिला नाही. मग १९९० ला धाकट्या बहिणीचं लंडनला बाळंतपण आलं आणि आईचा निश्चय तिथं संपला. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, बाळंतविडा, सगळं बांधून तयार.

आम्हाला सोडायला मॅटॅडोर करून अकरा माणसं सातारहून मुंबईला सहार विमानतळावर आली होती. खंबाटकी उतरताना मावशीनं आईच्या हातात अंगारा दिला. आई नऊवारी लुगड्यात, विमानाच्या दारात पोचल्यावर ती थांबली, मागं रांग खोळंबली, तिनं दाराच्या कडेला तळवा लावला, तोच कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. एसटीच्या पहिल्या पायरीला ती नेहमी असाच हात लावायची. दारातली मुलगी दादरची निघाली, तिनं आईला मराठीतनं या आजी म्हटलं आणि सांगितलं की या विमानाचं नाव शिवाजी आहे.

आई माझ्याकडं बघायला लागली. ''आरं, खरं का काय?''

खरंच होतं. आमचं शिवाजी हे ७४७-३०० जातीचं, वरचा मजला लांबवलेलं, आणि त्याचा मागचा भाग मालासाठी होता, मध्ये आडवी भिंत घालून. मी आईला ते समजावलं की पुढं माणसं, मागं माल. ''म्हंजी एसटी बी आन् मालट्रक बी,'' आई म्हणाली. मी इतकी वर्षं त्या विमानाबद्दल वाचतोय, याच्याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. रनवेवर पळायला लागल्यावर तिनं माझं मनगट पकडलं होतं, चाकं सुटली तशी पकड घट्ट झाली, आणि मग मुंबईचे दिवे खाली तिरके झाले आणि समुद्र काळा दिसायला लागला तेव्हा तिनं हात सोडला. म्हणाली, ''महाराजांच्या पाठीवर बसल्यावर भ्याव कसलं.'' नऊ तास ती खिडकीजवळ बसून राहिली, झोपली नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिची बांगडी माझ्या मनगटावर रुतली होती ती जागा मी आत्ता लिहितानाही दाखवू शकतो.

कॉनकॉर्डमध्ये बसायचं राहिलंच, तिकीट आपल्या आवाक्यातलं कधीच नव्हतं. एअर इंडियानं दोन कॉनकॉर्डचा पर्याय राखून ठेवला होता हे वाचलं तेव्हा फार हळहळ वाटली, पण घ्यायचं राहिलं ते एका अर्थी बरंच, कारण आवाजाची भिंत फोडली की खाली जमिनीवर धडाका होतो आणि त्यामुळं बहुतेक ठिकाणी त्याला समुद्रावरूनच पळवायला लागायचं. २००० ला पॅरिसजवळ एक पडलं, ११३ माणसं गेली, आणि २००३ च्या २४ ऑक्टोबरला शेवटची पॅसेंजर फ्लाइट झाली. २०१४ ला लेकीकडं न्यू जर्सीला गेलो तेव्हा जावई म्हणाले, बाबा, हडसनच्या काठावर इंट्रेपिड म्युझियममध्ये एक ठेवलंय. तेच, ज्यानं १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गाठलं होतं. आत गेलो. किती अरुंद! दोन्हीकडं दोन-दोन खुर्च्या, छत डोक्याला लागेल असं. खिडकीवर तळवा ठेवला तर खिडकी अख्खी झाकली गेली. वेगानं तापून हे विमान हवेत वीसेक सेंटिमीटर लांब व्हायचं, आणि इंजिनिअरच्या पॅनेलपाशी जी फट पडायची त्यात शेवटच्या फ्लाइटला काही इंजिनिअरांनी आपल्या टोप्या घातल्या, खाली उतरल्यावर विमान आखडलं आणि टोप्या कायमच्या आत राहिल्या. हे मला जावयांनी सांगितलं नाही, मीच त्यांना सांगितलं आणि सांगताना आवाज नीट निघेना म्हणून बाहेर येऊन पाण्याकडं बघत उभा राहिलो.

एअर इंडियाचं शेवटचं जंबो, आग्रा नावाचं, २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं गेलं. व्हिडिओ इथंच खाली ओट्यावर बसून बघितला. उडाल्यावर त्यानं पंख एकदा इकडं, एकदा तिकडं झुकवले.

हे सगळं वर गच्चीवर डोक्यात चालू असताना नातवानं एकदम हाक मारली. आबा, चार! यवतेश्वरच्या बाजूनं एक येत होतं, रेघा स्पष्ट सुट्या, एक दोन तीन चार. त्यानं फोन वर धरला आणि वाचलं, बोइंग ७४७, मालवाहू. म्हणजे काय हो आबा?

मी म्हटलं, ''मालट्रक.''

तो हसला आणि मान मागं टाकून बघत राहिला, त्या रेघा किल्ल्यावरून जाईपर्यंत, दोन-दोन मिसळेपर्यंत.