शाळा सोडल्याचे कारण

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, त्यांच्या पेन्शनच्या कागदपत्रांसाठी जन्मतारखेचा उतारा हवा होता, म्हणून काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या कार्यालयात गेलो होतो. कडा झिजलेल्या त्या रजिस्टरात तात्यांचे नाव सापडले. इयत्ता नववी, सन १९६३, आणि कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात एवढेच लिहिले होते: 'सतत गैरहजर. नाव कमी केले.'

ज्या दिवसांत तात्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती, त्या दिवसांत ते बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये रिक्रूट म्हणून घाम गाळत होते. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर सैन्य वाढवण्याचा निर्णय झाला आणि आपल्या सातारा जिल्ह्यात, जिथे अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे, भरतीसाठी तरुणांची रीघ लागली. आठवी-नववीतली थोराड मुले तेव्हा अकरावीला असणाऱ्या मॅट्रिकची वाट न पाहता उंची आणि छाती मोजून घ्यायला रांगेत उभी राहिली. त्यांच्या मनात देश होता, तशीच घरची जिरायत जमीन आणि धाकटी भावंडेही होती. एक कारण सांगितल्याने दुसऱ्याचे मोल कमी होते, असे मी मानत नाही.

तात्या पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, गेले. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलकडे जाणारा रस्ता रोखून धरला होता. १० डिसेंबरच्या रात्री शहरातली पाकिस्तानी फौज वेढा फोडून त्याच रस्त्याने निसटू पाहत होती आणि मराठ्यांनी खंदकांतून तिला रात्रभर थोपवले. त्या रात्रीविषयी तात्या फारसे बोलत नाहीत. थंडी फार होती आणि पहाटे कानाला काही ऐकू येत नव्हते, एवढेच त्यांनी मला एकदा सांगितले.

शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. त्यांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे, पदकांच्या खाली सैन्यातील शिक्षणाच्या परीक्षांची प्रमाणपत्रे मेणकापडात गुंडाळून ठेवलेली आहेत. मी १९७७ साली दहावी झालो तेव्हा सुट्टीवर आलेल्या तात्यांनी माझी गुणपत्रिका दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि गणिताचे गुण पुन्हा एकदा वाचले. पुढच्या शिक्षणाचा माझा खर्च त्यांच्या मनीऑर्डरीतूनच झाला.

रजिस्टरातली ती नोंद मी घरी येऊन त्यांना सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "खरंच लिवलंय की. न्हवतोच म्या वर्गात."

मला मात्र ती नोंद अपुरी वाटते. अमेरिकेतील अनेक राज्यांत युद्धासाठी हायस्कूल अर्धवट सोडलेल्या सैनिकांना उतारवयात शाळेची पदविका सन्मानाने दिली जाते. आपल्याकडे दहावीचे प्रमाणपत्र बोर्डाचे असते, ते देणे शाळेच्या हातात नाही आणि परीक्षा न देता ते घेणे तात्यांनाही रुचणार नाही. परंतु मुख्य दरवाजाशेजारचा गुणवंतांचा फलक शाळेचाच आहे. त्यावर प्रत्येक वर्षी शाळेत पहिल्या आलेल्याचे नाव आहे. त्याच्या शेजारी, शाळा सोडून सैन्यात गेलेल्यांची नावे, इयत्ता आणि पलटण लिहिणारा दुसरा फलक शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या वर्षात लागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या काळच्या शाळेच्या पटावरून आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारून मी आतापर्यंत अकरा नावे जमवली आहेत. त्यांपैकी तिघे हयात आहेत. यादी मुख्याध्यापकांकडे दिली आहे. ज्यांच्या घरात असे कोणी असेल, त्यांनी तिच्यात भर घालावी.