आमची वाटचाल: फाटकावरची डबी

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘रेडिओ, टेप, पंखे दुरुस्ती’ असंच लिहिलंय. टेप गेले, रेडिओ गेले, पंखे तेवढे उन्हाळ्यात येतात. दर दिवाळीला पाटी बदलायचं ठरतं आणि राहून जातं. आता तर बदलूच नये असं वाटतं. आज आमचं निम्मं पोट फाटकावरून आत हाक मारायच्या ज्या बिनतारी डबीवर चालतं ती रेडिओच आहे, फक्त ऐकते तशी बोलतेही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात दुकान टाकलं तेव्हा घरात रेडिओ ठेवायलासुद्धा लायसन लागायचं. पोस्टात पैसे भरायचे, पुस्तकावर तिकिटं लावून घ्यायची. कुणी बिघडलेला सेट टेबलावर ठेवला की आप्पांचा पहिला प्रश्न, “लायसन भरलं का?” गिऱ्हाईक हसायचं, मलाही तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटायचा. पुढे भुसावळला आयटीआय करून मी दुकानात बसलो. टीव्ही, केबल, मोबाइलची कव्हरं, सीसीटीव्ही, इंटरकॉम असं जे चाललं ते केलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उधारी मात्र बरीच होती, त्यातली थोडी अजून आहे.

डबीचं काम आलं ते केळीमुळे. सावदा-रावेर पट्ट्यात केळी भरायची यार्डं आहेत, तिथून माल दिल्ली, पंजाबकडे जातो. एका शेटजींच्या यार्डाचं फाटक ऑफिसपासून तीनशे मीटर लांब. रात्री दोनला ट्रक यायचा आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचा. सगळी वस्ती जागी व्हायची, मुनीम तेवढा झोपलेला. आम्ही तिथे तारेचा इंटरकॉम लावला होता. पहिल्या वर्षी घुशींनी तार कुरतडली. दुसऱ्या वर्षी ठिबकच्या पाइपासाठी जेसीबीनं चर खोदला, त्यात ती तुटली. तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधीच्या वादळात वीज कुठेतरी जवळ पडली आणि तारेवाटे आत येऊन इंटरकॉमची पेटीच जळली. शेटजी म्हणाले, “काय भो, दरवर्षी तारच पुरू राह्यला का?”

मग बिनतारी डबी शोधली. काम सोपं आहे. फाटकावर सेलवर चालणारी पेटी, तिला एक बटण, एक स्पीकर, एक माइक. बटण दाबून बोललं की आत ज्यांच्या कमरेला वॉकीटॉकी आहे त्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं: वॉचमन, मुनीम, वजनकाट्यावरचा पोरगा. “मोबाइल असताना हे कशाला?” असं आजही प्रत्येक जण विचारतो. कारण परगावच्या ड्रायव्हरला कुणाचा नंबर लावायचा ते ठाऊक नसतं, आणि ज्याचा नंबर असतो तो नेमका उचलत नाही.

पहिली डबी मी फाटकाच्या लोखंडी खांबाला, पत्र्याला चिकटवून बसवली. दुपारी यार्ड रिकामं होतं, आवाज खणखणीत आला. पैसे घेतले, चहा घेतला, घरी आलो. रात्री शेटजींचा फोन: डबी मुकी झाली. जाऊन बघतो तर फाटक आणि ऑफिसच्या मध्ये सहा ट्रक उभे. रेडिओची लहर पत्र्यापलीकडे सहजासहजी जात नाही, तिला आडोशातून वाट काढावी लागते. मागे पत्रा, पुढे ट्रक, मधे बिचारी डबी. शिवाय कुणीतरी ताडपत्री अडकवायला अँटेना आडवा वाकवून ठेवला होता. हातातल्या सेटचा अँटेना उभा आणि डबीचा आडवा असला की बराचसा जोर वाटेतच जातो. आमचे सेट 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्या लहरीची लांबी साधारण 67 सेंटीमीटर, तिच्या पावपट म्हणजे 17 सेंटीमीटरच्या आसपास अँटेना. इतक्या लहान काडीवर सगळा खेळ असतो आणि लोक तिच्यावर टोपी टांगतात.

तेव्हापासून आम्ही अँटेनाला हात लावत नाही, जागा बदलतो. पत्र्यापासून दूर, वेगळ्या सिमेंटच्या खांबावर. आणि चाचणी यार्ड भरलेलं असतानाच घेतो. केळीच्या बागेतून आवाज न्यायचा असेल तर पावसाळ्यात पुन्हा एकदा. ओल्या पानांचा दाट पडदा लहरीला चांगलाच खातो, मे महिन्यातली चाचणी श्रावणात कामाची नाही.

खांब कुठे रोवायचा हेही ट्रकवाल्यांनीच शिकवलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून खांब आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला. बटण जमिनीपासून सव्वा मीटरवर. केबिनमधून हात पोचेल इतकं उंच लावलं तर पायी येणाऱ्या हमालाला टाचा वर कराव्या लागतात. ड्रायव्हरनं उतरावं, ते बरंच असतं, तोवर गाडीचं तोंड फाटकाबाहेर राहतं. पुढे दोन लोखंडी खुंट्याही रोवतो, कारण आमच्या चौथ्या डबीवर मागे येणारी एक गाडी चढली. त्या डबीचा फक्त स्पीकर सापडला.

डबीच्या अंगाला भोकं पाडायची ती खालून. वरून पाडलेलं भोक सिलिकॉननं कितीही बुजवा, जळगावच्या उन्हात ते सुकून सुटतं. पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या पेटीला हात लावून बघा, म्हणजे आतल्या सेलांचं काय होत असेल ते कळेल. शक्यतो उत्तरेला, नाहीतर वर पत्र्याची छोटी पडवी. स्पीकरच्या जाळीमागे आणखी एक बारीक जाळी हवीच. गांधीलमाश्यांनी एकदा आतच घर केलं होतं. बटण दाबलं की आधी त्या उत्तर द्यायच्या.

आता सेल, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच. आमच्या डबीत सहा मोठे सेल एकामागे एक बसतात, म्हणजे व्होल्ट वाढतात, साठा मात्र एकाच सेलाइतका. बोलताना ती अंदाजे 300 मिलीअँपिअर ओढते, उत्तराची वाट बघताना 80, झोपेत जवळजवळ काहीच नाही. दिवसाला 20 हाका, प्रत्येकीत 15 सेकंद बोलणं आणि 30 सेकंद ऐकणं धरलं तर रोजचा खर्च 40 मिलीअँपिअर-तासाच्या आत राहतो. चांगल्या अल्कलाइन सेलात 12,000 धरले तर कागदावर 300 दिवस निघतात. आम्ही कागदावर जात नाही. पोळ्याला आणि होळीला, असे वर्षातून दोनदा सगळे सहा सेल बदलतो. ही तारीख कुणाला लिहून द्यावी लागत नाही.

त्या झोपेबद्दल एक खुलासा. सेल वाचावेत म्हणून डबी बोलणं झाल्यावर थोडा वेळ ऐकते आणि मग झोपी जाते. झोपल्यावर आतून तिला हाक मारता येत नाही. “आम्ही ओरडतो, ड्रायव्हरला ऐकूच जात नाही,” अशी तक्रार आली की समजायचं, मुनीमानं उत्तर द्यायला फार वेळ लावला.

एका ठिकाणी सेल दर महिन्याला संपायचे. आम्ही डबीच बदलून दिली, तरी तेच. शेवटी कळलं, वॉचमन नवे सेल काढून आपल्या टॉर्चमध्ये घालायचा आणि टॉर्चचे जुने डबीत. त्याला काय बोलणार, अंधारात साप दिसायला टॉर्चच लागते. पण नवे-जुने, साधे-अल्कलाइन एकत्र झाले की दुबळा सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि तो फुटून पाझरतो. तो पांढरा थर म्हणजे क्षार. हातमोजे घालून, कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसायचा, आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही. साधे सेल चार्ज करायला बघू नका, शेकोटीत टाकू नका. आता आम्ही झाकणाला तिकोनी डोक्याचे स्क्रू लावतो आणि वॉचमनला टॉर्चचे सेल वेगळे देतो. हे दुसरं जास्त लागू पडलं.

बोलायचं कसं हेही शिकवावं लागतं. बटण दाबल्याबरोबर बोललं तर पहिला शब्द कापला जातो, कारण सेट जागा व्हायला क्षणभर लागतो. एकदा ड्रायव्हर म्हणाला, “मत खोलो, पीछे बैल है.” आत पोचलं ते “खोलो, पीछे बैल है.” वॉचमननं फाटक उघडलं आणि बैल थेट केळीच्या क्रेटांपर्यंत आला. तेव्हापासून डबीवर मराठीत, हिंदीत आणि गुरुमुखीत पाटी असते: दाबा, एक श्वास थांबा, बोला, सोडा.

पुढे जिनिंगवाल्यांनी बोलावलं. धरणगावला डबी लावताना एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “भाऊ, हाई डबडं बोलस का नुसतं ऐकस?” तिथे मी पहिल्यांदा एका जागेला नाही म्हणालो. शेटना रेच्यांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या हॉलमध्ये, जिथे कापसाचा तूस हवेत तरंगत असतो, तिथे डबी हवी होती. आमची डबी साधी आहे. स्फोटक धूळ किंवा वायू असलेल्या जागेसाठी वेगळं प्रमाणपत्र असलेली उपकरणं येतात, ती महाग असतात आणि आमच्याकडे नाहीत. हॉलबाहेर, मोकळ्या हवेत लावली. पेट्रोल पंपावर टँकर रिकामा होतो त्या जागेलाही आमचं उत्तर हेच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते रायपनिंग चेंबरनं. तिथे 16 ते 18 अंशांवर केळी इथिलीननं पिकवतात. कार्बाइडला बंदी आहे, इथिलीनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत, परवानगी आहे. “गॅस आहे, डबीनं भडका उडेल का?” असं मालकानं विचारलं. इथिलीन हवेत 2.7 टक्के, म्हणजे 27,000 पीपीएम झालं तर पेट घेतं. 100 कुठे आणि 27,000 कुठे. तरी सिलिंडरजवळ किंवा गॅस सोडणाऱ्या यंत्राजवळ आम्ही काही लावत नाही. खरी भीती वेगळीच. पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, दार बराच वेळ बंद राहिलं तर आत अडकलेल्या माणसाला गुदमरायला होतं. म्हणूनच मालकाला आत डबी हवी होती.

मी आत डबी लावली. चाचणी झाली, छान. पुतण्या म्हणाला, “काका, दार लावून बघू.” मी आत गेलो, त्यानं दार लावलं. बटण दाबलं, बोललो. पुन्हा दाबलं. काहीच नाही. चेंबरच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम, दारही तसंच. रेडिओच्या दृष्टीनं तो बंद लोखंडी डबा, आणि त्यात मी. दाराला आतून ढकलायची मूठ होती म्हणून लगेच बाहेर आलो, पण त्या अर्ध्या मिनिटाची आठवण आजही सुखाची नाही. पुतण्या बाहेर शांतपणे हँडसेट कानाला लावून उभा होता.

आता डबी चेंबरच्या बाहेर असते. आत फक्त लाल, अंधारात चमकणारं, ओल न लागणारं बटण आणि तिथून बाहेर येणारी दोन पदरी तार. दाबलं की बाहेरची डबी आपोआप इशारा पाठवते. तरी मालकाला आम्ही बजावतो की आतली मूठ, बाहेरचा भोंगा आणि एकट्यानं आत न जाण्याचा नियम हे आधी, डबी नंतर. सेलवर चालणाऱ्या वस्तूच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवू नये.

लायसनचं थोडक्यात. सुरुवातीला मी ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी मागवले होते, कीपॅडवर हवी ती फ्रिक्वेन्सी टाका आणि बोला. दोन जोड्या विकल्याही. मग लक्षात आलं की त्यावर पोलिसांच्या नाहीतर रेल्वेच्या बोलण्यात सहज घुसता येईल, आणि भुसावळ जंक्शन आमच्यापासून फार लांब नाही. दोन्ही जोड्या पूर्ण पैसे देऊन परत घेतल्या. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या सेटना 2018 च्या नियमांनी लायसनची गरज उरली नाही, पण सेटला टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मंजुरी, हवंच. तो कागद बघितल्याशिवाय आम्ही माल उतरवून घेत नाही. आप्पा आज असते तर टेबलापलीकडून गालात हसले असते.

एक किस्सा राहिला. मला सगळ्यात जास्त शिव्या त्यात बसल्या. एका ठिकाणी ड्रायव्हर रात्रभर बटण दाबत राहिला, कुणी आलं नाही. सकाळी मालकाचा फोन, तुमची डबी फुकट आहे म्हणून. गेलो. डबी ठणठणीत होती. चारही हँडसेट ऑफिसात चार्जिंगला लावलेले, ऑफिसला कुलूप, आणि आत त्या चार सेटमधून ड्रायव्हर एकटाच बोलत राहिलेला.

आता डबी बसवण्याआधी आमचा एकच कागद असतो. रात्री हँडसेट कुणाच्या कमरेला राहणार त्याचं नाव, तो सुटीवर असेल तर कुणाच्या, आणि पाळी बदलताना रोज एकदा बटण दाबून वहीत सही कोण करणार. आतापर्यंत शंभरच्या वर डब्या लावल्या, आणि या कागदापायी सात-आठ कामं हातची गेली. चोपड्याच्या एका शेटजींची डबी महिन्याभरापासून दुकानात तयार आहे, सेलसुद्धा घातलेत. पैसे पूर्ण आलेत. नावाची जागा मात्र अजून कोरी आहे, आणि ती भरेपर्यंत आम्ही चोपड्याला निघत नाही.