सव्वा मूठ

शनिवार, रात्री

उद्या कानबाई बसणार, आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी. दुपारी तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला बसले. दर पुरुषामागे सव्वा मूठ, ही रीत. यंदा आमच्या भाऊबंदांत अकरा जण, मोठ्या जेठांच्या चार महिन्यांच्या नातवासकट. (बायकांची मूठ धरत नाहीत. दळायचं, लाटायचं, पुरण वाटायचं मात्र बायकांनी. असो.)

सुपात एक मूठ टाकली. दुसरी. तिसरी. सहावी की सातवी चालू असताना बाहेरून ट्रॅक्टर गेला, मी मान वळवली, परत सुपाकडे पाहिलं तर आकडा गेलेला. विसरले असं म्हणता येणार नाही, विसरलेलं जिभेवर तरी घोळतं. इथे पाटीच कोरी. सगळे गहू डब्यात ओतले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. या खेपेला चौथ्या मुठीलाच घोटाळा. सतरा वर्षं पतसंस्थेत कॅश सांभाळलेली बाई मी, नोटांचं बंडल अंगठ्याखालून गेलं की एक नोट कमी आहे हे बोटांना कळायचं. आणि आज अकरा मुठी होईनात.

सासूबाई देवघराच्या उंबऱ्यात तांब्या घासत होत्या. सगळं बघत होत्या, पण बोलल्या एवढंच, "ऱ्हाऊ दे वं, मी मोजस." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, त्यामुळेच जास्त रडू आलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून पडले, त्याला आता तीन महिने उलटले. माहेरी आंगणातल्या लिंबाला भाऊ दरवर्षी झोका बांधतो. घागर भरून झाली होती, आमरस-पुरणपोळी अंगावर आलेली, पुरुष मंडळी पत्त्यांत रंगलेली. आम्ही बहिणी आणि वहिनी झोक्यावर. त्रेचाळिसाव्या वर्षी उभं राहून झोका चढवायची हौस माझीच. दोर फांदीपाशी काचलेला होता, तो तुटला. डोक्याची मागची बाजू ओट्याच्या कडेवर आदळली. मिनिटभर मी कुठे आहे ते कळत नव्हतं असं सगळे सांगतात. मला फक्त वरून गळणारी लिंबाची पानं आठवतात आणि मायचा आवाज, "काय व्हयनं वं तुले?"

तालुक्याला नेलं. दोन उलट्या झाल्या म्हणून सीटी काढला. नॉर्मल. पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकं वाढतं दुखू लागलं, पेंग यायला लागली किंवा बोलण्यात फरक पडला तर लगेच घेऊन या, असं सांगून घरी पाठवलं. मायने ते इतकं मनावर घेतलं की रात्रभर तासातासाने उठवून मला माझंच नाव विचारत होती.

त्या 'नॉर्मल' शब्दाने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा टेंगळाने दिला नाही. टेंगूळ आठवड्यात बसलं. टाका नाही, पट्टी नाही, आणि हातात नॉर्मल रिपोर्ट. मग बाई चालताना भिंत का धरते? सुट्ट्या का मागते? आमचे साहेब दोनदा म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तर चांगला आहे ना?" एका डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. मी टेन्शन घेत नव्हते हो, मी कपाटाचा कोपरा धरून उभी होते. आणि खरं लिहायचं तर दुसऱ्या महिन्यात मलाही शंका यायला लागली की मी नाटक तर करत नाही ना.

मागच्या महिन्यात जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. एसटीने गेले ही चूक. अडावद सुटल्यापासून खिडकीबाहेर केळीच्या बागा. एरवी डोळ्यांना गार वाटणारं ते हिरवं, पण ओळीमागून ओळ सर्र सर्र मागे पळायला लागली आणि पोटात ढवळलं. विदगावच्या पुलावर तापी आली तेव्हा मी डोळे मिटून समोरच्या सीटच्या दांडीला कपाळ टेकवलेलं होतं. नदीला नमस्कार करायचाही राहिला.

डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, तर "चक्कर म्हणजे नक्की काय होतं?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी गोंधळले. मग लक्षात आलं, मी सगळ्यालाच चक्कर म्हणत होते. रात्री उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगरते, पंखा छतासकट फिरतो, आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. ती एक. आणि दिवसभर उभं असताना पायाखालची जमीन नावेसारखी हलते, बाजारात माणसांची गर्दी बघितली की वाढते, ती दुसरी. आणि डोकं चालेनासं होतं ते तिसरंच. आपल्या भाषेत भोवळ, घेरी, अंधारी, गरगर, सगळे शब्द आहेत, पण मी एकाच चकरेत सगळं गुंडाळलं होतं. हिशेबात असं केलं असतं तर मीच कोणाला तरी ओरडले असते.

त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि धप्पकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं. "डोळे मिटायचे नाहीत." दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग सगळं दालन गरगरलं. मी त्यांच्या मनगटाला इतकं घट्ट धरलं की नंतर लाज वाटली. ते मात्र माझ्या डोळ्यांकडे बघत होते, बुबुळं कशी झटके देतात ते. म्हणाले, सापडलं. आतल्या कानात चुनखडीच्या जातीचे बारीक कण असतात, डोक्याला मार लागला की ते जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळीत जातात. मान वळली की कण सरकतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. तांदळातले खडे ठाऊक होते, कानातले त्या दिवशी कळले. मग तशीच मान डावीकडे, मग पूर्ण कुशीवर, नाक जमिनीकडे, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून शेवटी उठवून बसवलं. सगळं मिळून दहा मिनिटंही नाहीत. आठवड्याने पुन्हा एकदा केलं, आणि रात्रीचं गरगरणं गेलं ते गेलंच.

घरी आल्यावर लेकीने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. (मला स्क्रीन सरकवली की मळमळतं, त्यामुळे वाचन तिच्याकडे.) ही युक्ती जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची. सुरुवातीला बाकीच्या डॉक्टरांना ती खरी वाटेना, हसले त्यांना, आणि त्यांचा लेख छापून यायला १९९२ उजाडलं. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पण नाव हलायची थांबली नाही. डॉक्टरांनी तेही समजावलं. मार लागल्यावर कानाकडून येणारा निरोप बिघडतो, म्हणून मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो. कानाची दुरुस्ती झाली तरी ती सवय सुटत नाही, त्यामुळे गर्दी, पळत्या बागा, साड्यांच्या दुकानातली नक्षी, सगळं अंगावर येतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला स्वतंत्र नाव आहे, पीपीपीडी. आणि सीटी? सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मेंदूचं काम कसं चाललंय ते त्यात दिसत नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी ह्यांना आत बोलावून.

चकरेच्या गोळ्या हळूहळू बंद करायला लावल्या. अडीच महिने सकाळ-संध्याकाळ घेत होते. त्या मेंदूला गुंगवून ठेवतात, मग तो शिकणार कधी, म्हणे. त्याऐवजी व्यायाम. भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख धरायची, नजर तिच्यावरून हलू द्यायची नाही आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी, आकडा फिसकटणार नाही इतक्याच वेगाने, मिनिटभर. दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत उलटी आली. आता मिनिट होतं. मी रोज ज्या दिवसाची तारीख तीच धरते, शेजारच्या खान्यातली तिथी आणि दुधाचा हिशेब तेवढा वेळ नाचतो.

तिसऱ्याला, डोक्याच्या त्या जडपणाला, लेक ब्रेन फॉग म्हणते. म्हणजे धुकं. आमच्या खान्देशात धुकं ते कितीसं, हिवाळ्यात चार सकाळी केळीत साचतं आणि नऊला उन्हाने जातं. माझं तसलं नाही. माझं मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर झळा उठतात ना, तसं आहे. पलीकडचं झाड दिसतं, माणूस दिसतो, सगळं आहे तिथेच आहे, पण थरथरतं, आणि जवळ जावं तो आणखी पुढे. कोणी बोललं तर शब्द ऐकू येतात, अर्थ मागून चालत येतो. सकाळी बरी असते. चार वाजता दिवाळखोर. डॉक्टर म्हणाले, दमायच्या आधी थांबा, दमल्यावर नव्हे. म्हणून आता कॅशवर नाही, पासबुकं भरते, तासाने पाच मिनिटं मागच्या खोलीत डोळे मिटून बसते. साहेबांना चिठ्ठी दाखवली. पीपीपीडी हे चार अक्षरी नाव बघून ते जरा वचकले. नाव असलं की आजार खरा.

कधी जाईल ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेकांचं कमी होत जातं, एवढं सांगितलं.

सोमवार

रोट चांगले झाले. शनिवारी रात्री लिहून झाल्यावर झोप येईना म्हणून स्वयंपाकघरात गेले होते. सुपाशेजारी पाटावर हरभऱ्याचे अकरा दाणे ओळीने मांडलेले. सासूबाईंनी मोजले होते, पण गहू परत डब्यात ओतून ठेवले होते. एक मूठ, एक पाव मूठ, एक दाणा वाटीत. अकरा दाणे संपले तेव्हा साडेबारा झाले होते.

आज विसर्जनाला नदीपर्यंत चालत गेले, लेकीचा दंड धरून. पोरी फुगड्या घालायला लागल्या तेव्हा पाठ फिरवून पाण्याकडे बघत उभी राहिले. पाणीही वाहतं, हे विसरलेच होते. मग पलीकडच्या काठावरची एक बाभूळ धरली आणि तिच्यावरून नजर हलू दिली नाही.

भावाचा फोन आला होता. लिंबावर उरलेला दोर त्याने अजून सोडलेला नाही. म्हटलं, सोड तो आता.