चिकटलेला क्लच

मिरज तालुक्यातील आमच्या मळ्यात नदीकाठच्या मोटारपंपापर्यंत ये-जा करण्यासाठी मी छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली सायकल वापरतो. बाजारात ८० सीसीचे म्हणून विकले जाणारे हे इंजिन प्रत्यक्षात ७० सीसीच्याही आतले असते. तरीही मोटार वाहन कायदा, १९८८ मधील २५ सीसीपर्यंतची सवलत त्याला मिळत नाही, म्हणून ही सायकल मी मळ्याबाहेर काढत नाही. पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि खंडेनवमीला पुसायला घ्यावी तर क्लच धरून बसलेला असतो. लिव्हर पूर्ण दाबली तरी मागचे चाक मोकळे होत नाही आणि सायकल ढकलू लागले की इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर, आडवे येते.

अशा वेळी बहुतेक जण केबलला दोष देऊन ती ताणत सुटतात. माझ्या मते केबलला हात लावण्याआधी उजव्या बाजूचे क्लचचे कव्हर उघडावे. त्याचे स्क्रू मऊ धातूचे असल्याने डोके लवकर झिजते. नेमक्या मापाचा पेचकस खाचेत बसवून मागून हातोडीचा एक ठोका दिला, तर गंजलेला स्क्रूही सहसा सुटतो. कव्हर निघाल्यावर कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगावे आणि बाहेरच्या प्रेशर प्लेटकडे पाहावे. लिव्हर दाबली की केबलला जोडलेला डाव्या बाजूचा आर्म फिरतो, तो एका छर्ऱ्यामार्फत शाफ्टच्या पोकळीतील लांब दांडी उजवीकडे ढकलतो आणि ती दांडी प्लेटला बाहेर रेटते. प्लेट जागची हललीच नाही, तर दोष केबल, आर्म, झिजलेली दांडी किंवा दुरुस्तीत हरवलेला छर्रा यांपैकी कशात तरी आहे. प्लेट किंचित बाहेर येऊनही चाक मोकळे होत नसेल, तर क्लचचे पॅड, म्हणजे घर्षणाने पकड घेणाऱ्या वड्या, चिकटले आहेत, आणि ओलाव्यात उभ्या राहिलेल्या सायकलीत बहुधा हेच घडलेले असते.

हा क्लच कोरडा असतो. मोठ्या गिअरच्या भोकांत बसवलेले पॅड दोन लोखंडी प्लेटींच्या मध्ये दाबले जातात; प्लेटीवर गंज चढला की पॅड तिला घट्ट धरून बसतात. सौम्य उपाय म्हणून लिव्हर रात्रभर दोरीने बांधून ठेवावी आणि सकाळी इंजिन बंद ठेवूनच सायकल मागे-पुढे हिसडावी. तेवढ्याने सुटले नाही, तर मधल्या फुलासारख्या नटाला अडवणारा बारीक स्क्रू काढून, नट किती आत होता याची खूण करून तो उलगडावा, स्प्रिंग बाजूला ठेवावी आणि प्लेट कडेकडेने हलवत काढावी. आतली प्लेट ओढून काढण्याचा मोह टाळलेला बरा, कारण गिअरच्या मागचे सुटे छर्रे घरंगळले की दिवसभर माती चाळत बसावे लागते. पॅड जागच्या जागीच पातळ पेचकसाने हलके उचकटावेत, पॉलिश पेपरवर त्यांची चकाकी घालवावी, प्लेटीचा गंज घासावा आणि सगळे पेट्रोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. गिअरच्या दातांना ग्रीसचा केवळ हात फिरवावा. जास्तीचे ग्रीस उडून पॅडवर गेले, तर चिकटणाऱ्या क्लचचा घसरणारा क्लच होतो.

नट खुणेपर्यंत परत बसवल्यावर क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो एखादी खाच सैल करावा, घसरत असेल तर एखादी खाच आवळावा. केबल सगळ्यात शेवटी लावावी आणि लिव्हर सोडलेली असताना आर्मला थोडी ढील राहते आहे ना, हे पाहावे. ती नसेल तर दांडीचा दाब प्लेटवर कायम राहतो आणि पॅड अकाली झिजतात. एवढे करूनही थोड्याच दिवसांत पॅड तेलकट दिसू लागले, तर मोठ्या गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या मागचे, तेल अडवणारे क्रँकचे सील गळत असते. ते बदलल्याशिवाय पॅड कितीही घासले तरी कोरडे राहत नाहीत.